पदराच्या डब्याची वहिवाट

आमच्या साहेबांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते समोरच्याकडे क्षणभर रोखून पाहत आणि म्हणत, "कुठपासून कुठपर्यंत?" विचारणारा गोंधळायचा. मग साहेब त्याला सावकाश समजावून सांगत, "गुडघ्याच्या खाली दुखून राह्यलं, गुडघ्याच्या वर ठीक आहे. आधी हद्द सांगत जा बाप्पा, मंग विचारत जा." मी त्यांच्याकडे साडेसात वर्षं नोकरी केली. पहिल्या आठवड्यातच शहाणी झाले आणि नंतर त्यांना कधीही 'कसे आहात' असं विचारलं नाही.

साहेब मूळचे अमडापूरचे. सगळी नोकरी जमीन मोजणीत गेलेली. भांडणाऱ्या भावांच्या मधोमध उभं राहून खुणेचे दगड रोवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून त्यांनी उरलेलं जग मोजायला घेतलं. देऊळगाव राजाला जालना रस्त्यावर त्यांची एक शेड होती. तिथे मोबाईल स्टार्टर तयार व्हायचे. हे यंत्र विहिरीवरच्या मोटारीला जोडतात. शेतकरी घरी बाजेवर पडल्या पडल्या फोन लावतो आणि शेतातली मोटार सुरू होते. यंत्राच्या पोटातलं सर्किट बाहेरून तयार यायचं. आम्ही ते पत्र्याच्या डब्यात बसवायचो, वायरी जोडायचो, तपासायचो आणि वर स्टिकर लावायचो. त्या कारखान्यात आमचं स्वतःचं असं काही असेल, तर तो फक्त डबा.

मी जानेफळची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन संगणकावर ड्रॉइंग काढायला तिथे लागले. साहेब ड्रॉइंगला 'नकाशा' म्हणत, त्यामुळे मी सगळ्यांसाठी 'नकाशावाल्या मॅडम' झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी खडूनं माझ्या टेबलाभोवती चौकोन आखला. शेजारी यंत्रं तपासणारे गजाननभाऊ बसत. "हे तुमची हद्द, ते गजाननभाऊची," साहेब म्हणाले. दुपारी जेवताना माझ्या डब्याचं झाकण टेबलावरून जरासं पलीकडे सरकलं. साहेब आतल्या खोलीतून आले, खिशातला टेप काढला, वाकून माप घेतलं आणि म्हणाले, "अडीच इंच अतिक्रमण. सामोपचारानं मांगं घेता का पंच बोलावू?" मला वाटलं गंमत करताहेत, म्हणून मी हसले. गजाननभाऊंनी डोळ्यांनी खुणावलं, हसू नका. पंच खरोखर यायचे.

पंच म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. साक्षीदाराशिवाय घडलेली गोष्ट घडली असं ते मानतच नसत. एकदा आम्ही सगळे बालाजीच्या दर्शनाला गेलो. साहेबांनी चपला काढल्या, खांबापासूनचं अंतर पावलांनी मोजलं आणि गजाननभाऊंना व मला चपलांसमोर उभं करून म्हणाले, "पाहून घ्या. डावी उत्तरेकडं, उजवी दक्षिणेकडं, उजवीचा अंगठा शिवलेला." दर्शन करून आलो तर चपला गायब. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तो चोराच्या नावानं बोटं मोडत अनवाणी घरी गेला असता. साहेबांनी मात्र समाधानानं मान हलवली. "चपला गेल्या ते जाऊ द्या. पण त्या इथंच होत्या, याले दोन साक्षीदार आहेत." मग तेही अनवाणीच घरी गेले, पण ताठ मानेनं.

मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाची चतुःसीमा लिहून प्रवेशदारावर टांगली होती. पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस आचारी, दक्षिणेस वरपक्ष, उत्तरेस चिंचेचं झाड. वरपक्षाला आपण दक्षिणेस का, हे कळेना. दक्षिण यमाची दिशा, असं त्यांच्यातल्या कुणी वृद्धानं काढलं आणि अक्षता पडायला पाऊण तास उशीर झाला. साहेबांच्या घरी आम्ही कधीमधी चहाला जायचो. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या कमी बोलत, पण बोलल्या की साहेबांचा चहा गार व्हायचा. एकदा म्हणाल्या, "लगन झालं तवापासून माही मोजणी चालू आहे, अजून नकाशा नाई भेटला."

आता डब्याविषयी. आधी आमचा डबा चारचौघांच्या डब्यासारखा होता, सरळ चौकोनी, दाराला बिजागरी. त्यात पाली शिरायच्या. पाल दोन तारांवर एकाच वेळी पाय द्यायची, स्वतः मरायची आणि सर्किट घेऊन जायची. गांधीलमाश्या आत घरं करायच्या. शेतकरी सकाळी शिव्या देत शेडमध्ये यायचा आणि डबा टेबलावर आपटायचा. यावर साहेबांचा उपाय म्हणजे प्रत्येक डब्यावर 'आत प्रवेश मना आहे' असं स्टिकर. पालींना मराठी वाचता येत नव्हतं.

शकीलाभाभी आमच्याकडे जोडणीच्या कामाला होत्या. त्यांचे वडील गावात पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवायचे. भाभींचं लहानपण त्याच दुकानात हातोडीच्या आवाजात गेलेलं. एक दिवस त्यांनी भंगारातला पत्रा उचलला, गुडघ्यावर घेतला आणि दुमडायला लागल्या. बाकवायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. त्यांनी वरचा पत्रा पुढे ओढून दारावरून खाली आणला आणि दोन्ही कोपऱ्यांना हातानं चुण्या घातल्या. बाईनं डोईवरून पदर पुढे ओढून घ्यावा, तसा तो डबा दिसायला लागला. पाऊस पुढून ओघळून जायचा आणि पालीला फट सापडेना. शेतकऱ्यांनी त्याचं बारसं आपणहून केलं: पदराचा डबा. पुढच्या हंगामात लोक स्टार्टर मागायचेच नाहीत. "पदराचा डबा द्या," म्हणायचे.

साहेबांना तो डबा फार आवडला. इतका आवडला, की थोड्याच दिवसांत त्यावर नवं स्टिकर आलं. त्यावर 'संकल्पना व निर्मिती' आणि खाली साहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शकीलाभाभींनी स्टिकर हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, संकल्पना म्हंजे काय?"

"संकल्पना म्हंजे डोक्यात आलेली गोष्ट."

"मंग हे त माह्या डोक्यात आली होती ना."

साहेबांना राग आला नाही. त्यांनी शांतपणे मोजून दाखवलं. "जागा माही, पत्रा माहा, वीज माही, वेळ ड्युटीचा. चारही बाजूनं माही हद्द. मंग मधात उगवलं ते कोणाचं?"

 भाभींनी हातातलं सर्किट डब्यात बसवून पूर्ण केलं, हात धुतले आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. वडिलांचे हात आताशा थरथरायचे, दुकान बंद पडायच्या बेतात होतं, ते त्यांनी उघडलं आणि तिथे पदराचे डबे करायला लागल्या, नुसते डबे. ज्याच्याकडे जे सर्किट असेल ते आणा आणि बसवून न्या. लोकांना हे सोयीचं पडलं. आमच्या शेडसमोरच्या मोटारसायकली कमी झाल्या.

"अतिक्रमण!" साहेब म्हणाले. या वेळी त्यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं.

वस्तूच्या नुसत्या रूपाचीसुद्धा सरकारदरबारी नोंदणी होते, हे त्यांना काही वर्षांनी कुणीतरी सांगितलं. एकदा नोंदणी झाली, की तसल्या रूपाची वस्तू दुसऱ्या कुणाला करता येत नाही. साहेबांच्या डोळ्यांत पूर्वीची चमक आली. रूपाचा सातबारा! रोज सकाळी आल्या आल्या ते म्हणायचे, "एकदा का प्रमाणपत्र हाती आलं, की पह्यली नोटीस शकीलाले. दुकान नाई, डबा बंद. तिनं कोठ्या कराव्या, पेट्या कराव्या, पण पदर नाई." भाभींचं दुकान पदरावरच उभं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

वकील किंवा सल्लागार लावायला ते तयार नव्हते. "जल्मभर दुसऱ्याइच्या हद्दी काहाडल्या, आपली काहाडाले वकील?" अर्ज मीच संगणकावर भरला. मालकाच्या नावाचा रकाना आला तेव्हा माझी बोटं थांबली.

"काय झालं मॅडम? नाव लंबं होऊन राह्यलं का?"

"नाही साहेब."

मी त्यांचं नाव टाइप केलं. जोडीला सही लागते तिथे सही घेतली. माझी ती पहिलीच नोकरी होती आणि भाड्याची खोली होती, वगैरे वगैरे. या वगैरेमागे लपायला पुष्कळ जागा असते.

नकाशे मात्र मी जीव ओतून काढले. डबा समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका. चुण्यांची प्रत्येक रेघ भाभींच्या हातची होती, ती मी जशीच्या तशी उतरवली. साहेबांनी नकाशे पाहिले आणि लाल पेन काढला. "समोर म्हंजे कोणाच्या समोर? उद्या डबा फिरवला त समोर मांगं जाते. दिशा लेहा." आणि त्यांनी स्वतः प्रत्येक नकाशाखाली लिहिलं: पूर्व बाजू, पश्चिम बाजू. शेवटी चतुःसीमा. पूर्वेस झाकण, पश्चिमेस शेतकऱ्याची भिंत, दक्षिणेस केबलचं भोक, उत्तरेस शेजारचा डबा असल्यास तो डबा. यात नवीन काय, हे सांगायच्या जागी त्यांनी लिहायला लावलं, 'या डब्यात पाल शिरत नाही.' मी म्हटलं, साहेब, इथे दिसण्याविषयी लिहायचंय. ते म्हणाले, "पाल दिसत नाई, असं लेहा."

दोन-तीन महिन्यांनी अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाचं पत्र ईमेलनं आलं. त्यात तीन हरकती होत्या. 'हरकत' या शब्दानं साहेब सुखावले; हरकतीशिवायची मोजणी त्यांना मोजणी वाटत नसे. पहिली हरकत अशी, की डब्याला पूर्व आणि पश्चिम कशी असते ते समजत नाही, कृपया नेहमीसारखं समोर आणि मागे असं लिहावं. साहेबांना परीक्षकाची कीव आली. "बिचारा शहरातला आहे. बिल्डिंगीत राहून राह्यला असन, सूर्य कुठून निघते ते ठाऊक नसन." दुसरी हरकत पालीविषयी होती. वस्तू काय काम करते याच्याशी या नोंदणीचा संबंध नाही, डोळ्यांना ती कशी दिसते तेवढंच पाहिलं जातं. साहेब म्हणाले, "मंग पाल शिरत नाई, हे आपण कानानं पाह्यतो का?" या दोन्ही हरकतींची उत्तरं मी त्यांच्या नकळत नीट करून टाकली. सगळी गंमत तिसऱ्या हरकतीत होती.

परीक्षकाला इंटरनेटवर एक फोटो सापडला होता. एका विहिरीजवळच्या खांबावर पदराचा डबा, शेजारी हौद, मागे वाकडी बाभूळ. फोटोवर ना नाव, ना गाव, ना तारीख. परीक्षकानं विचारलं होतं, हा फोटो कुणाचा आणि केव्हाचा, याचा खुलासा करावा. त्याखाली इंग्रजीत एक साधी ओळ होती: अर्ज करण्याच्या आधीपासून ही रचना लोकांसमोर आलेली असेल, तर ती नवी ठरत नाही आणि तिची नोंदणी होऊ शकत नाही.

ती ओळ मी वाचली. पुन्हा वाचली. फोटोची तारीख आम्हाला माहीत नाही, एवढं लिहिलं असतं तर परीक्षकाच्या हातात काही राहिलं नसतं.

"काय म्हंते तो? मराठीत सांगा," साहेब म्हणाले.

"हा फोटो कुणाचा आणि केव्हाचा, ते विचारलंय."

हे खरंच होतं. त्यानं तेच विचारलं होतं. खालची ओळ मी सांगितली नाही.

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला मी आनंद म्हणेन. बाभळीवरून त्यांनी विहीर ओळखली. "हे त वच्छलाबाईची विहीर! आपला डबा! सहा वर्षं झाली याले!" ते खुर्चीतून उठले. "मॅडम, आपण जितलो. हा माणूस वहिवाट विचारून राह्यला!"

वहिवाट म्हणजे वर्षानुवर्षं चालत आलेला वापर. शेताच्या, पाणंदीच्या, विहिरीच्या भांडणात ज्याची वहिवाट जुनी, त्याचं पारडं जड. आमच्याकडचं लहान मूलसुद्धा हे जाणतं. साहेबांनी जन्मभर हेच पाहिलेलं. रूपाच्या नोंदणीत मात्र जितकं जुनं तितकं बाद, असा उलटा कारभार जगात कुठे असेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ते कामाला लागले. स्कूटरवरून विहिरी पालथ्या घातल्या. कुणाच्या खांबावर कोणत्या हंगामात डबा लागला, याची यादी केली. बाभळीपासून डब्यापर्यंतचं अंतर मोजलं. पंचनामा तयार झाला, दोन पानी, आणि तो मी सुबक टाइप केला. रोज संध्याकाळी ते विचारत, "अजून एखांदा पंच आणू का, मॅडम?"

"आणा साहेब," मी म्हणायचे.

असे पाच जमले. सुनावणी व्हिडिओवर होती. शेडमध्ये लॅपटॉपसमोर एक बाकडं टाकलं. पाचही पंच अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून, खांद्याला खांदा लावून बसले. चार पुरुष आणि मधोमध वच्छलाकाकू, ज्यांच्या विहिरीचा तो फोटो होता. पडद्यावर चष्मा लावलेला एक तरुण परीक्षक आला. त्यानं एका अर्जासाठी सात माणसं पाहिली आणि चष्मा काढून पुसला.

"ये सब कौन हैं?"

"पंच, सर," साहेब उभे राहून म्हणाले. बसा असं त्यानं सांगितलं तरी ते बसले नाहीत. त्यांनी पंचनामा वाचला. गाव, शिवार, विहिरीची खोली, बाभळीचा घेर, डबा लावल्याचं वर्ष. परीक्षक मध्येच थांबवायला बघत होता, पण चतुःसीमा संपेपर्यंत साहेबांना थांबवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

वाचन संपलं. मग परीक्षक हळूच म्हणाला, "देखिए, फोटो पर कोई तारीख नहीं है। आप सोचकर बताइए। क्या आपको पक्का याद है?"

तो माणूस दार उघडं ठेवत होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं. मी साहेबांच्या शेजारीच, दुभाषी म्हणून बसले होते. मी त्यांच्या कानात एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्याले.

साहेबांना मात्र तो प्रश्न झोंबला. त्यांच्या मोजणीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. "सर," ते छाती काढून म्हणाले, "हमारा मोजणी कब्बी चुक्या नहीं। छे साल से सबके सामने है। पूरे तालुके में है। पूछो इनको।"

परीक्षकानं पंचांकडे पाहिलं. "ये डिब्बा छह साल से लगा हुआ है?"

"हाव!" पाचही जण एका सुरात म्हणाले.

वच्छलाकाकूंना एवढ्यानं समाधान झालं नाही. त्या पुढे सरकल्या, तोंड लॅपटॉपला लावलं आणि म्हणाल्या, "माह्याच खांबावर पह्यला लागला, साहेब. शकीला सोता आली होती. चुण्या तिथंच बसून घातल्या तिनं, भुकेली होती, म्या भाकर देल्ली. तिचाच डबा आहे थो."

परीक्षकानं विचारलं, "शकीला कौन हैं?"

 साहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंच त्यांनीच निवडले होते, प्रत्येकाच्या वागणुकीची चौकशी करून. खोटं बोलणारा एकही नको, असा त्यांचा हट्ट होता.

"कर्मचारी, सर," साहेब म्हणाले. "थी."

परीक्षकानं काहीतरी लिहून घेतलं आणि धन्यवाद म्हणून तो पडद्यावरून गेला. साहेबांनी पंचांना चहा आणि पोहे दिले.

निकाल आठवड्याभरात आला. मी तो मराठीत वाचून दाखवला, या वेळी सगळा. ही रचना सहा वर्षांपासून सार्वजनिक वापरात आहे, हे अर्जदारानं स्वतः साक्षीदारांसह सिद्ध केलं आहे. म्हणून ती नवी नाही. म्हणून अर्ज नामंजूर. साहेबांनी 'सिद्ध केलं आहे'पर्यंत मान डोलावली. मग थांबले. मला पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे डबा कोणाचा?"

"कुणाचाच नाही साहेब. कुणीही बनवावा."

"गायरान झालं म्हना." गायरान म्हणजे गावाची मोकळी जमीन, जिथे कुणाचंही ढोर चरतं. मोजणीवाल्याच्या तोंडी हा शब्द म्हणजे शिवीच. ते खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी असं वाटलं की बरं झालं, फार बरं झालं. भाभींना आता कुणी नोटीस देऊ शकत नव्हतं.

"तुमाले हे ठाऊक होतं?" त्यांनी खिडकीकडेच पाहत विचारलं.

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"त्यानं जे विचारलं, तेवढंच सांगितलं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर साहेब आमच्या आधी येऊन बसलेले. मांडीवर डबा, हातात पातं. गोदामातल्या प्रत्येक डब्यावरचं 'संकल्पना व निर्मिती' ते खरवडून काढत होते. गजाननभाऊ म्हणाले, "राहू द्या ना साहेब, कोण पाह्यते?" साहेब म्हणाले, "पंचासमोर जे आलं ते आलं. नोंद चुकीची होती, कमी केली." मला क्षणभर त्यांच्याबद्दल आदर वाटला. तेवढ्यात गजाननभाऊंनी भाबडेपणानं विचारलं, मग आता भाभींचं नाव लावायचं का. साहेबांनी मान वर केली. "तिचं नाव लावाचं असन त तिनं रीतसर अर्ज करावा."

त्या रविवारी मी मोठ्या तोऱ्यात भाभींच्या दुकानात गेले. त्या गुडघ्यावर पत्रा घेऊन चुणी घालत होत्या, वडील शेजारी पाटावर बसले होते. मी सगळं रंगवून सांगितलं. पंच, बाभूळ, पाच जणांचा हाव, परीक्षकाचा चष्मा. वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाभीही हसल्या. मग मी माझा भाग सांगितला, की ती ओळ मी साहेबांना वाचून दाखवली नाही, कानात बोलता आलं असतं तरी बोलले नाही, मुद्दाम गप्प राहिले. आता त्या काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले.

भाभींनी चुणी पुरी केली, हातोडी खाली ठेवली. "आणि का गं नकाशावाली, त्या अर्जात मालकाचं नाव कोणं टाइप केलं होतं?"

"मीच," मी म्हटलं.

"तवाही गप्पच होती ना तू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता.  त्यांनी चहा मागवला, मी तो प्याले आणि उठले.

पुढे मी ती नोकरी सोडली. साहेबांनी अनुभवाचा दाखला स्वतःच्या हातानं लिहून दिला, दोन ओळींचा. 'यांनी काढलेले सर्व नकाशे बिनचूक आहेत. जेवढं विचारलं जाईल तेवढंच सांगतात.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. जालन्याच्या कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या मॅनेजरनं तो वाचला आणि खूश होऊन म्हणाला, "वा! अशीच माणसं पाहिजेत आम्हाला." नोकरी लागली. तो दाखला मी पुन्हा कुणाला दाखवला नाही.